महिलांचा इनडोअर हॉकी विश्वचषक आणि आपल्या खानदेशातल्या मुली

तापीकाठची_क्रीडाशिक्षिका (यावल)

मंडळी, फेब्रुवारी २०२५ मध्ये क्रोएशियातल्या पोरेच या समुद्रकाठच्या गावात इनडोअर हॉकीचा विश्वचषक झाला. महिलांचे सामने मी आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या 'वॉच डॉट हॉकी' ॲपवर पाहिले आणि शाळेतल्या मुलींनाही बसवून दाखवले. मराठीत या खेळावर फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: खानदेशात मुलींची हॉकी उभी करायची असेल तर टर्फची (कृत्रिम हिरवळीच्या मैदानाची) वाट बघत बसू नये, छताखाली सुरुवात करावी. पटत नसेल त्यांनी खुशाल वाद घाला, त्यासाठीच लिहितेय.

ज्यांनी हा खेळ पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका वेळी मैदानात सहा जणी, गोलकीपर धरून. संघ बाराचा. मैदान ३६ ते ४४ मीटर लांब आणि १८ ते २२ मीटर रुंद. बाहेरच्या हॉकीचं मैदान ९१.४ बाय ५५ मीटरचं असतं, त्यावरून अंदाज करा. सामना दहा-दहा मिनिटांच्या चार डावांचा. गोल ३ मीटर रुंद, २ मीटर उंच. दोन्ही लांब बाजूंना जमिनीवर साधारण चार इंच उंचीची लाकडी पट्टी आडवी टाकलेली असते, आतल्या अंगाला किंचित कललेली. चेंडू तिच्यावर आपटून परत खेळात येतो, म्हणून खेळ सारखा थांबत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्टिक मागे नेऊन फटका मारायलाच बंदी. चेंडू फक्त ढकलायचा. उचलायची परवानगी फक्त 'डी'तून, म्हणजे गोलसमोर आखलेल्या अर्धगोलातून, गोलवर मारताना. त्यामुळे ताकदीपेक्षा हात, नजर आणि पाय यांचं काम जास्त. ज्या मुलीला बाहेरच्या मैदानावर लांब फटका जमत नाही म्हणून आपण बॅकला उभी करून विसरून जातो, ती इथे पट्टीचा वापर करून दोघींना चकवून जाते. कॅरममध्ये कडेवर आपटून सोंगटी काढतात तसा पास. पहिला सामना पाहताना माझ्या आठवीच्या मुलींनी हेच सगळ्यात आधी टिपलं.

आता इतिहास. हा खेळ जर्मनीत १९५० च्या दशकात रुजला. हिवाळ्यात मैदानं बर्फाखाली जात, मग क्लबांनी हँडबॉलच्या हॉलमध्ये खेळायला सुरुवात केली. पहिला विश्वचषक २००३ मध्ये लाइपझिगला झाला, पुरुष आणि महिला दोन्ही विजेतेपदं जर्मनीने घेतली. २०२३ पर्यंतचे महिलांचे सहा विश्वचषक जर्मनी आणि नेदरलँड्स यांनी तीन-तीन वाटून घेतले होते. पोरेचला ही मक्तेदारी मोडून पोलंडच्या मुली जिंकल्या. मधे बेल्जियममधल्या लीएजचा विश्वचषक करोनामुळे आधी पुढे ढकलला आणि शेवटी रद्दच झाला.

पण मला भिडलं ते वेगळंच. २०१८ ला बर्लिनमध्ये आणि २०२३ ला प्रिटोरियात महिलांच्या विश्वचषकात नामिबिया खेळला. या देशाची लोकसंख्या आहे तीस लाखांच्या आसपास. आपल्या एकट्या जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४२ लाखांवर होती! बाहेरच्या हॉकीत नामिबिया कधी ऑलिंपिकच्या जवळपासही गेलेला नाही. हॉलच्या हॉकीत मात्र त्यांच्या मुली जर्मनीसमोर उभ्या राहतात. आशियातून कझाकस्तान गेलेला आहे. भारताचा महिला संघ या विश्वचषकात आजवर एकदाही उतरलेला नाही.

आपल्याकडची अडचण सगळ्यांना ठाऊक आहे. शालेय स्पर्धा पावसाळ्यात येतात आणि आपली काळी माती पावसाळ्यात पाय धरते. एप्रिल-मे मध्ये ४४-४५ अंश, तेव्हा सकाळी आठनंतर मुलींना मैदानात ठेवणंच चुकीचं. उरलेल्या महिन्यांत परीक्षा आणि स्नेहसंमेलन. पुण्याच्या बालेवाडीसारखं टर्फ तालुक्याच्या गावाला मिळेल तेव्हा मिळेल. पण ४० बाय २० मीटरचं हँडबॉलचं मैदान, ३ बाय २ मीटरचे गोल, हे कित्येक शाळांत आज आहे आणि इनडोअर हॉकीची मापं तीच आहेत. कमी आहे ती चांगली फरशी, वर छप्पर आणि कडेच्या पट्ट्या.

आमच्या भागातल्या एका हॉलच्या व्यवस्थापकांकडे मी विचारणा केली होती. 'हॉकी? कोर्टाची वाट लागेल' म्हणून दारातूनच परत पाठवलं. तेव्हा जागा कशी मिळवायची, यावर सूचना हव्यात.

---

लोको_भुसावळ

ताई, धागा काढलात, फार बरं वाटलं. माझी सगळी नोकरी रेल्वेत गेली. भुसावळला रेल्वेच्या मैदानावर हॉकी होती तेव्हा संध्याकाळी ड्युटी संपवून लोक कडेला उभे राहून बघायचे. आज त्याच गावातल्या पोरांना स्टिक कोणत्या बाजूने धरायची ते दाखवावं लागतं.

महिलांच्या हॉकीविषयी एक भर घालतो. महिलांची हॉकी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली १९८० ला, मॉस्कोत. सहाच संघ होते. आपण चौथे आलो. सुवर्ण कुणी घेतलं? झिंबाब्वेने. बहिष्कारामुळे जागा रिकाम्या झाल्या आणि त्यांनी ऐनवेळी संघ जमवून पाठवला होता. त्यानंतर दोन वर्षांनी दिल्लीच्या एशियाडमध्ये आपल्या मुलींनी सुवर्ण जिंकलं, कर्णधार होती पुण्याची एलिझा नेल्सन. म्हणजे महाराष्ट्राच्या मुलींना हा खेळ परका नाही. आपल्या तीन जिल्ह्यांतच तो पोचला नाही.

नोकरीचंही सांगतो. रेल्वेच्या महिला संघाचा राष्ट्रीय स्पर्धांत वर्षानुवर्षं दबदबा आहे. खेळाच्या कोट्यातून मुली लागतात. भुसावळसारख्या विभागीय मुख्यालयाच्या गावातून एकही मुलगी त्या रांगेत नसावी, हे मला मनापासून लागतं.

---

आप्पा_धुयेकर

ताई, मी धुयाना. मन्ही आंडेर (लेक) आठवीमा शे, तिले खेयनं भलतं आवडस. पन पानी पडनं की ग्राउंडवर गारा (चिखल), मंग दोन महिना काहीच नई. हॉलमा खेयता येत व्हई तं माले सांगा, मी सोता लई येसू तिले.

---

केळीबाग_रावेर

चांगलं लिहिलंय, पण मला एक पटलं नाही. आपल्याकडे मुलींची कबड्डी आणि खो-खो आहे. खर्च नाही, साहित्य नाही, गावोगाव खेळाडू आहेत. ते सोडून ज्या खेळाचा भारतीय संघसुद्धा विश्वचषकात जात नाही त्यात मुलींची तीन-चार वर्षं घालायची? उद्या बापाने विचारलं की यातून पुढे काय, तर शिक्षक काय सांगणार? शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. हॉलमधल्या सहा जणींच्या सामन्याचं प्रमाणपत्र कुठे चालणार? शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीचा वेळही किमती असतो, एवढंच म्हणणं.

---

तापीकाठची_क्रीडाशिक्षिका (यावल)

केळीबाग भाऊ, प्रश्न रास्त आहे. शाळेतल्या पालकसभेतही मला हाच प्रश्न येतो.

मुलींना हॉलच्या विश्वचषकासाठी तयार करायचं असं मी म्हणत नाही. त्या शालेय स्पर्धा, नेहरू चषक, राज्य संघ, सगळं बाहेरच्या अकरा जणींच्या हॉकीतच खेळतील, प्रमाणपत्रही त्याचंच. हॉलमध्ये त्यांना हात मिळेल. छोट्या जागेत दर मिनिटाला चेंडू स्टिकला लागतो. अकरा जणींच्या सामन्यात आमच्याकडच्या एखाद्या मुलीच्या वाट्याला अख्ख्या डावात चार वेळा चेंडू येतो आणि त्यातले दोनदा तो खड्ड्यात उसळून निघून जातो. ती शिकणार कधी?

आणि पुढे काय म्हणाल तर साताऱ्याकडे बघा. फलटण तालुक्यातून वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ अशा एका पाठोपाठ एक मुली भारताकडून खेळल्या. शेतकऱ्यांच्याच घरातल्या. ऋतुजाचं उदाहरण तर आपल्या विषयाला फार जवळचं. जानेवारी २०२४ मध्ये मस्कतला हॉकी फाइव्हजचा पहिला विश्वचषक झाला. तो उघड्यावर असतो, पण पाच-पाच जणींचा, लहान मैदानावर, कडेला फळ्या लावलेला. भारतीय मुली अंतिम सामन्यात गेल्या, नेदरलँड्सकडून ७-२ ने हरल्या. त्या दोन गोलांतला एक ऋतुजाचा. पुढे २०२५ च्या महिला हॉकी इंडिया लीगच्या अंतिम सामन्यात ओडिशा वॉरियर्स २-१ ने जिंकले, ते दोन्ही गोल तिचेच. लहान जागेत खेळलेली मुलगी मोठ्या मैदानावर कमी पडत नाही, हे मी पालकांना असं नाव घेऊन सांगते.

कबड्डी-खो-खो सोडायला मी कुणालाही सांगणार नाही. उलट खो-खोतल्या मुलींची वाकण्याची सवय आणि एकदम वळण्याची चपळाई हॉलच्या हॉकीत लगेच कामी येते. माझ्या सहा जणींतल्या निम्म्या खो-खोच्याच आहेत.

---

अमळनेर_ते_हॅम्बुर्ग

गेली काही वर्षं कामानिमित्त इथे आहे. हॅम्बुर्ग हे जर्मनीतलं हॉकीचं मोठं गाव, अल्स्टर आणि यूएचसी हे इथले नावाजलेले क्लब. माझी मुलगी आमच्या वस्तीतल्या एका लहान क्लबात खेळते, म्हणून हिवाळ्यातले रविवार हॉलमध्येच जातात. जे डोळ्यांनी पाहतो ते सांगतो.

हॉल म्हणजे शाळेचा हॉल. जमिनीवर हँडबॉल, बास्केटबॉल, बॅडमिंटन, व्हॉलीबॉल, सगळ्यांच्या वेगवेगळ्या रंगांच्या रेघा. कडेच्या पट्ट्या भांडारघरात एका चाकाच्या गाडीवर रचून ठेवलेल्या असतात. सामन्याच्या आधी दहा-बारा वर्षांच्या मुली स्वतःच दोघी-दोघी मिळून त्या आणतात, एकापुढे एक ठेवतात आणि टोकांना असलेल्या लोखंडी आकड्यांनी अडकवतात. आकडा नीट बसला नाही तर सांध्यावर चेंडू आपटून वाकडा उडतो. म्हणून एक मुलगी शेवटी सगळ्या पट्टीवरून चालत जाते आणि प्रत्येक सांधा पायाने दाबून बघते. पंधरा मिनिटांत मैदान तयार. खेळ संपला की तेवढ्याच वेळात सगळं परत गाडीवर.

दुसरी गोष्ट हातमोज्याची. चेंडू अडवायला मुली स्टिक जवळजवळ आडवी जमिनीवर टेकवतात, स्टिकच्या टोकाला धरलेल्या डाव्या हाताची बोटं जमिनीला घासतात. इथे त्या हाताला पाठीवर कडक कवच असलेला हातमोजा सगळ्याच घालतात. आपल्याकडे कोटा फरशीवर खेळवाल तर हे आधी घ्या. स्टिक नंतर बदलली तरी चालेल. इनडोअरची स्टिक हलकी आणि बारीक असते, पण स्टिक शेवटी जालंधर-मेरठलाच मोठ्या प्रमाणावर बनतात, त्यामुळे तुम्हाला ती मिळवणं फार अवघड जाऊ नये.

हॉलवाल्यांच्या भीतीबद्दल: इथे बाहेर वापरलेली स्टिक आणि बूट आत आणूच देत नाहीत. खाली खडे रुतलेली स्टिक फरशी खरवडते, त्यांची काळजी खोटी नाही. आतल्या स्टिक वेगळ्या ठेवू, नॉन-मार्किंग (फरशीवर डाग न पाडणारे) बूट घालू, असं लिहून दिलंत तर कदाचित ऐकतील.

आणि ताईंनी म्हटलं ते इथे रोज दिसतं. त्याच क्लबच्या त्याच मुली उन्हाळ्यात मैदानावर असतात आणि हिवाळ्यात हॉलमध्ये. वरच्या लीगपासून लहान मुलींपर्यंत हीच रीत.

---

सातपुडा_गुरुजी (धडगाव)

आश्रमशाळेत शिकवतो. आमच्याकडे हँडबॉलचं मैदान आहे, मापात आखलेलं, पण मुरमाचं. त्यावर चेंडू सरळ जात नाही. छप्पर म्हणाल तर भोजनगृहाचंच.

आमच्या मुलींना चढ-उताराची सवय आहे, पळायला लावलं तर कुणाला ऐकत नाहीत. झारखंडातल्या सिमडेगा आणि खुंटी जिल्ह्यांकडे बघितलं की मन तिकडेच जातं. सलिमा टेटे सिमडेग्याची, भारताची कर्णधार झाली. निक्की प्रधान खुंटीच्या हेसल गावची, ऑलिंपिकला गेली. तोच डोंगर, तशीच आदिवासी शेतकरी घरं. तिथे गावोगाव हॉकी आहे आणि आमच्याकडे स्टिक बघायला मिळत नाही, एवढाच फरक.

भोजनगृह ६० फूट लांब आहे. त्यात तीन-तीन जणी खेळवल्या तर चालेल का? फरशी शहाबादी, सांधे थोडे वर-खाली.

---

तापीकाठची_क्रीडाशिक्षिका (यावल)

गुरुजी, नक्की चालेल. गोलकीपर नको, गोल लहान ठेवा, दोन बाकं आडवी पाडली की झालं. फक्त ढकलायचंच, उचलायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून कडक ठेवा. चेंडू दीडशे ग्रॅमच्या वर असतो आणि टणक असतो, नडगीला लागला तर मुलगी परत येत नाही. पायाला शिनगार्ड हवेतच.

---

हाडं_आणि_सांधे (जळगाव)

फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे उत्साहाला थोडा आवर घालणं माझं कामच आहे.

विश्वचषक ज्या जमिनीवर होतो ती लाकडाची किंवा त्यासाठी खास बनवलेली, खाली स्प्रिंगसारखी लवचीक असते. पाय आपटला की धक्का जमीन थोडा शोषते. कोटा किंवा शहाबादी थेट काँक्रीटवर बसवलेली असते, सगळा धक्का घोट्यात, नडगीत आणि गुडघ्यात जातो. त्यात या खेळात मुली सतत खाली वाकलेल्या असतात, त्यामुळे कंबरेच्या खालच्या भागावर ताण येतो. वाढीच्या वयातल्या मुलींना फरशीवर रोज दोन-दोन तास खेळवलंत तर सहा महिन्यांत माझ्याकडे रांग लागेल.

म्हणून फरशीवर आठवड्यातून दोन-तीन दिवसच, एका वेळी पाऊण तास. चांगल्या तळव्याचे बूट. अनवाणी अजिबात नाही, 'आमच्या मुलींना सवय आहे' हे कारण मी ऐकणार नाही. आधी मांड्या आणि पोटाच्या स्नायूंचा व्यायाम. पावसाळ्यात फरशी ओल धरते, हाताला चिकट लागली तर त्या दिवशी पळवू नका. कबड्डीची मॅट टाकायचा विचारही करू नका, चेंडू सरकणार नाही आणि घोटा अडकून मुरगळेल.

मे महिन्याबद्दलही एक सांगायला हवं. पत्र्याचं छप्पर असलेला हॉल दुपारी बाहेरपेक्षा जास्त तापतो. छताखाली आहोत म्हणून चालतं असं समजू नये. उन्हाळ्यात सहा ते आठ, पाणी आणि मीठ-साखर जवळ.

---

मुक्ता_चाळीसगाव

सगळे प्रतिसाद वाचले. कौतुक आहेच. पण कुणीच न बोललेली एक गोष्ट मला बोलायची आहे.

मी जिल्हा पातळीपर्यंत हॉकी खेळले. नववीत असताना घरून बंद झालं. कारण काय होतं? मैदान रस्त्याला लागून होतं, लोक उभे राहून बघायचे, स्कर्ट घालून पळते म्हणून नातेवाईक घरी येऊन बोलायचे. आता तुम्ही म्हणताय की मुलींना हॉलमध्ये खेळवा. मला भीती वाटते ती अशी, की शाळा म्हणतील, वा, छान सोय झाली! मुली आत, मुलगे मैदानावर. चार भिंतींत असल्या की पालकही खूश, गावही खूश. मैदान आपोआप मुलग्यांचं होऊन जाईल आणि पुढच्या पिढीतल्या मुलीला वाटेल की मैदान हे आपलं नव्हतंच कधी.

टोकियोत ऑस्ट्रेलियाला १-० ने हरवून मुली उपांत्य फेरीत गेल्या त्या सकाळी माझ्या सासूबाईंनी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या होत्या. वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅटट्रिक केली, ऑलिंपिकमध्ये अशी हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. हे सगळं उघड्या मैदानावर झालं, जगासमोर. मुलींना मैदानावर बघायची गावाला सवय व्हायला हवी. ती हॉलमध्ये होणार नाही. खेळ आत नेला की तो प्रश्नही नजरेआड होतो.

इनडोअर हॉकीला माझा विरोध नाही. तिचा आडोसा केला जाईल, त्याला आहे.

---

लोको_भुसावळ

मुक्ताताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या बहिणीच्या बाबतीत हेच झालं होतं, तिचं धावणं असंच बंद केलं. तुमचं म्हणणं कुणीही हलक्यात घेऊ नये.

---

आप्पा_धुयेकर

मुक्ता बहीन बराबर सांगस. पन मन्ही आंडेर आज तं कोठेच खेयत नई ना. आत खेयनी तं उद्या बाहेर बी खेयी. मी उभा राहसू ग्राउंडवर, कोन काय बोलस ते दखसू.

---

तापीकाठची_क्रीडाशिक्षिका (यावल)

मुक्ताताई, उत्तर द्यायला दोन दिवस घेतले, कारण घाईने लिहायचं नव्हतं.

तुम्ही म्हणता तो धोका खरा आहे. मी त्याची दुसरी बाजू रोज बघते. आमच्या शाळेत पाचवी-सहावीत चाळीस मुली खेळाच्या तासाला पळत येतात, नववीत सहा-सात उरतात. गळणाऱ्या मुलींतल्या बऱ्याच जणींच्या आया मला एकच वाक्य सांगतात, 'बाई, रस्त्यावर नको.' त्या आईशी मी वाद घातला तर मुलगी त्याच दिवशी जाते. हॉल असेल तर मुलगी आणखी दोन वर्षं टिकते, आणि दोन वर्षं टिकलेली, जिल्ह्याच्या संघात निवडलेली मुलगी मैदानावर उतरते तेव्हा आईचाही आवाज बदललेला असतो. हे मी एका नाही, अनेक घरांत पाहिलं आहे.

पण तुमचा मुद्दा नियमातच घालायला हवा, नुसत्या सदिच्छेवर सोडून चालणार नाही. म्हणून मी असं ठरवते: जून ते ऑक्टोबर पावसात हॉल, त्यातही उघडीप मिळाली की मैदान. नोव्हेंबर ते फेब्रुवारी फक्त मैदान, तेही मुलग्यांच्या बरोबरीने वेळ वाटून, वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या सहीने फलकावर. आणि हॉल मिळाला तर मुलगेही त्यात खेळतील, वेगळ्या दिवशी. म्हणजे 'मुलींची हॉकी ती आतली' असं कुणाला म्हणता येणार नाही. यात काही सुटत असेल तर सांगा.

---

मुक्ता_चाळीसगाव

फलकावर सही असेल तर मी तुमच्या बाजूने. एक जोडा: हॉलमधले सामने गावाला बघायला खुले ठेवा. दारं बंद करून नको. आणि पंच म्हणून बाई हवी. मी यायला तयार आहे, नियमावली नव्याने वाचून येईन. समोरच्या खेळाडूने चेंडूपासून तीन मीटर लांब राहायचं की बाहेरच्यासारखं पाच, अशा गोष्टी पक्क्या कराव्या लागतील.

---

तापीकाठची_क्रीडाशिक्षिका (यावल)

आत तीन मीटर. पेनल्टी स्ट्रोक सात मीटरवरून, 'डी' नऊ मीटरचा. तुम्ही पंच असाल तर माझी अर्धी काळजी मिटली.

---

सागवान_नंदुरबार

आमची लाकडाची वखार आहे. पट्टीचा हिशोब करून टाकतो.

चार बाय चार इंची बॅटन धरला, दहा फुटी तुकडे. एका बाजूला १३, दोन्ही मिळून २६. एका बाजूची लांबी झाली १३० फूट, म्हणजे ३९.६ मीटर, नियमात बसते. लाकूड २९ घनफूट लागेल. सागवानाची काहीच गरज नाही, महाग आणि वाया. नीलगिरी घ्या, पण ओली घेऊ नका, वाळताना पिळवटते आणि मग सांधे जुळत नाहीत. वर्षभर वाळलेली मागा. आतल्या बाजूला उतार द्यायला सुताराला सांगा, रंधा मारून होतो. टोकांना आकडे लोहाराकडून, दरवाजाच्या कडीसारखे. कडा आणि कोपरे घासून गोल करून घ्या, मुली पडतात त्यावर.

पहिल्या संचाचं लाकूड माझ्याकडून. सुतार आणि वाहतूक तुम्ही बघा.

---

केळीबाग_रावेर

वाहतूक माझ्याकडे. केळीच्या गाड्या परतीला रिकाम्या असतात. विरोध केला होता तो अजून पूर्ण गेला नाही, पण मुलींचा खेळ माझ्यामुळे अडायला नको.

---

पारोळा_लॉन्स

धागा भावाने दाखवला म्हणून आले. आमचं घरचं मंगल कार्यालय आहे. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत तिथी नसतात, हॉल जवळजवळ रिकामा पडून असतो. साखरपुडा, वाढदिवस सोडले तर काही नाही. तुमचा पावसाळा आणि आमचा रिकामा काळ एकच आहे.

हॉल ११० बाय ६० फूट, कोटा फरशी, पॉलिश केलेली. मधे खांब नाहीत, पण एका भिंतीला काचेच्या खिडक्या आहेत. छप्पर स्लॅबचं, पत्र्याचं नाही. आठवड्यातले तीन दिवस सकाळी देऊ शकतो. भाडं नको, वीजबिल आणि झाडलोट तुमच्याकडे. अट एकच, काच फुटली तर भरून द्यायची.

---

हाडं_आणि_सांधे (जळगाव)

पॉलिश केलेला कोटा पावसाळी हवेत घसरतो. खेळायच्या आधी कोरड्या फडक्याने पुसून घ्या आणि रबरी तळव्याचेच बूट. पहिल्या दिवशी मी येऊन मुलींचे घोटे-गुडघे तपासून जाते, आणि व्यायाम शिकवते.

---

अमळनेर_ते_हॅम्बुर्ग

काचेसाठी: इथे गोलामागे छतापासून जाळी सोडतात. आपल्याकडे क्रिकेटच्या सरावाची नायलॉन जाळी त्या भिंतीवर टांगली तरी पुरेल. गोलवर मारलेला चेंडूच उंच जातो, त्यामुळे गोल शक्यतो खिडक्यांच्या बाजूला येऊ देऊ नका. डिसेंबरात गावी येतोय, क्लबातल्या मोठ्या मुलींनी सोडलेले हातमोजे आणि शिनगार्ड जमा करून आणतो. गोलकीपरचा संच विचारून बघतो, शब्द देत नाही.

---

तापीकाठची_क्रीडाशिक्षिका (यावल)

पारोळा ताई, तुमचे आभार कसे मानू! ११० फूट म्हणजे साडेतेहतीस मीटर, नियमापेक्षा थोडं कमी, आणि भिंतीपाशी मोकळी जागाही सोडावी लागेल. म्हणून मैदान १०० बाय ५० चं आखू आणि पाच-पाच जणी खेळवू. सागवान भाऊ, मग तुकडे २६ ऐवजी २० लागतील, कृपया तेवढेच कापा.

यावलहून पारोळा रोज जमणारं नाही. पारोळा, अमळनेर, एरंडोल इकडच्या शाळांतल्या कुणी शिक्षक हा धागा वाचत असतील तर त्यांनी मुलींची यादी करावी, पहिले काही रविवार मी माझ्या मुली घेऊन येईन आणि शिकवायला हात लावीन. धुळ्याहून आप्पा, तुमच्या लेकीला तिथेच घेऊन या, रस्ता सरळ आहे.

गोलकीपरच्या संचाशिवाय गोलवर उचललेला चेंडू खेळवणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. डिसेंबरपर्यंत सगळं जमिनीलगत.

पारोळा ताई, खिडक्यांची जमिनीपासूनची उंची आणि भिंतीची लांबी मोजून टाकाल का? जाळी किती मीटर लागेल ते काढते.

---

पारोळा_लॉन्स

खिडक्या जमिनीपासून चार फुटांवर सुरू होतात, वर सात फुटांपर्यंत. ती भिंत ११० फुटांची, लांब बाजू. वर पडद्यांसाठी लोखंडी पाइप आधीच बसवलेला आहे, जाळी त्यालाच अडकवता येईल.